निळा आकडा

मी संशयी आहे. ही कबुली नव्हे, ओळख आहे. दुधात बोट बुडवून मगच पातेलं पुढे करणारी, दुकानातलं वजन उचलून बुडाकडून बघणारी, आहेराची साडी आधी उकलून मग 'छान आहे' म्हणणारी मी बाई. बोरखिंडीत माझ्या पाठीमागे मला सीआयडी म्हणतात आणि तोंडावर रत्नप्रभाताई. गावच्या बागायतदार संघाने मला खततपासनीस नेमलं ते याच गुणावर. मी सही केली की एकशे चाळीस बागांत खत पडतं, नाही केली की ढीग जागेवर राहतो.

माझा थोरला भाऊ हिंदुराव, म्हणजे आमचा अण्णा, याच्या अगदी उलट. ट्रकवाला म्हणाला पोती पन्नास, तर हा मोजायचा नाही. आई म्हणायची, देवाने दोघांत मिळून एकच संशय धाडला होता, तो सगळा रत्नीने घेतला. माझं माहेर आणि सासर एकाच शिवारात, मध्ये फक्त ओढा. ओढ्याच्या पलीकडे अण्णाच्या कोंबड्यांच्या चार शेड आहेत आणि त्यांच्या टोकाला भट्टी. या सगळ्या गोष्टीचं मूळ ती भट्टीच.

फॉस्फरस आटला त्याला आता सहा वर्षं झाली. तो ज्या दगडातून निघतो तो दगड आपल्याकडे फारसा नाही, आणि ज्यांच्याकडे आहे त्यांनी तो द्यायचं बंद केलं. डीएपी खताची पिशवी अंगठा लावून, एकरी एकच मिळू लागली. द्राक्षवेलीला एका पिशवीने काय होतंय? एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की पुढच्या दीड-दोन महिन्यांत काडीच्या डोळ्यात पुढच्या वर्षीचा घड तयार होतो. तेव्हा फॉस्फरस कमी पडला तर ऑक्टोबरच्या छाटणीनंतर पानं येतात, घड येत नाहीत. बाग हिरवीगार आणि मांडव रिकामा.

मग लोकांचं लक्ष कोंबडीकडे गेलं. कोंबडी मका-सोयाबीन खाते, त्यात फॉस्फरस भरपूर असतो, पण तो अशा गाठोड्यात बांधलेला असतो की तिच्या पोटाला ती गाठ नीट सुटत नाही. त्यामुळे बराचसा फॉस्फरस खाली पडतो. कच्चं कोंबडखत टाकावं तर मुळ्या भाजतात, माश्या होतात, रोगजंतू येतात. म्हणून भट्टी. हवा बंद करून पाचशे अंशांवर खत तापवायचं. ते पेटत नाही, कोळसतं. जंतू मरतात, औषधांचे अंश मोडतात, वास जातो. फॉस्फरस उडून जात नाही, तो काळ्या दाण्यांत मागे उरतो. त्या दाण्यांवर नव्या जातीच्या जिवाणूंचा लेप देतात. आमची माती चुनखडीची, फॉस्फरस दाबून धरणारी. हे जिवाणू मुळांना सांगतात, 'दुष्काळ आहे, दारं वाढव.' मूळ मग फॉस्फरस आत घ्यायची दारं दुप्पट-तिप्पट उघडतं. दोन वर्षं बोरखिंडीच्या बागा याच दाण्यांवर उभ्या होत्या.

त्या मे महिन्यात मी नव्या ढिगाचा नमुना घ्यायला गेले. अण्णा शेडच्या दारात उभा होता, डोक्याला टॉवेल.

"काय सीआयडीबाई, आज कुणाला अटक?"

"ढिगाला. बाजूला हो."

नमुना घ्यायची माझी पद्धत ठरलेली आहे. ढिगाच्या पाच ठिकाणी कोपरभर खोल हात घालायचा, वरचं कधी घ्यायचं नाही. मालक वर चांगलं ठेवतो, हे मला आईच्या पोटातूनच ठाऊक आहे. दाणे कुटून आम्लात विरघळवले, द्रावणाचे थेंब टाकले. फॉस्फरस असला की निळा रंग चढतो, जितका गडद तितका जास्त. यंत्राने तो निळा मोजला आणि आकडा दिला, साडेसहा टक्के.

"वाढला बघ!" अण्णा खूश झाला. "मागच्या वक्तालाबी साडेसहाच हुता. आधी सहाच्या वर कदी गेला न्हाई. शेडबी कशी हाय बघ. लिटरमदी काळा किडा औषदाला घावायचा न्हाई. तुझ्या मिस्त्रीचा भुसा लई गुणाचा."

भाताचं तूस हल्ली सगळं वीज करायला जातं, म्हणून शेडमध्ये पिल्लांच्या पायाखाली लाकडाचा भुसा अंथरतात, त्यालाच लिटर म्हणतात. मी भुशाकडे पाहिलंसुद्धा नाही. माझं डोकं त्या अर्ध्या टक्क्यात अडकलं होतं. एकदा वाढला तो मी योगायोग समजले होते, दोनदा नाही. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, वाढलं तर वाढलं, बरंच झालं. मी म्हटलं, कशाने वाढलं? खाद्य तेच, पिल्लं तेवढीच. कोंबडी काही फॉस्फरस बनवत नाही. पोटात गेला त्याहून जास्त बाहेर कसा येईल?

तिथून मी चार बागांत गेले. मागच्या ढिगातलं खत आधी त्यांनाच चाचणीसाठी दिलं होतं. छाटणीला पंचेचाळीस दिवस झालेले. देठ तोडून पानवाचकात घातले. हे हातातलं यंत्र, देठावर उजेड टाकतं आणि कुठलं अन्न किती ते सांगतं. चारही बागांत फॉस्फरस कमी निघाला. पानांच्या कडा जांभळट तांबड्या झालेल्या, वाढ खुंटलेली. खताचा आकडा वाढतोय आणि वेल उपाशी आहे. घरात शिधा भरलेला आणि पोरं वाळलेली, असं कुठे दिसलं तर आपण काय समजतो? शिध्यात काहीतरी खोट आहे.

आणि शिध्याच्या कोठीची किल्ली कुणाकडे होती? अण्णाकडे.

हे लिहिताना आजही मला लाज वाटते, पण तेव्हा नाही वाटली. दुसऱ्या दिवशी अण्णा बाजाराला गेलेला पाहून मी त्याच्या गोदामात शिरले. खाद्याची पोती उलथी केली, चुन्याच्या गोण्यांत हात घातला, माळ्यावर चढले. आकडा फुगवणारी एखादी पावडर सापडेल म्हणून शोधत होते. सापडली ती फक्त माझ्या लहानपणीची सायकल, तेल देऊन ठेवलेली.

खाली उतरले तर दारात शैलावैनी, हातात मेथीची जुडी. ती बराच वेळ उभी असावी.

"वन्सं, काय हुडकताय?"

"काही नाही. वजनकाटा बघत होते."

"काटा भाईर असतुय," ती म्हणाली. मग तिने जुडी माझ्या हातात दिली. "शेडमागची हाय. दाण्यांवरच केलीय. घिऊन जावा." रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

आठ दिवसांनी खतवाटप होतं. त्यासाठी संघाची बैठक त्याच संध्याकाळी होती. चेअरमन मंडळींसह बसले होते, अण्णा मागच्या बाकावर. मी उठून सांगितलं, "या ढिगात बाहेरून काहीतरी आलंय. मी सही करणार नाही."

"म्हंजे भेसळ म्हणायची का, ताई?" चेअरमननी विचारलं.

"मी तो शब्द वापरलेला नाही."

वापरला नव्हता, पण नाकारलाही नाही. दुसऱ्या कुणीतरी विचारलं, गोदामाची किल्ली कुणाकडे असते? मी म्हणाले, "अण्णाकडेच."

एवढंच बोलले मी. सभेत कुजबुज झाली आणि भट्टीला सील लावायचं ठरलं. अण्णा उठला. त्याचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता.

"माज्या गोदामात चोरासारखी शिरलीस, तेबी म्या गिळलं. आता चार लोकांत माजं नाव घेतलंस. ऐका समद्यांनी. ह्या बाईच्या उंबऱ्याला पुन्यांदा माजा पाय लागला, तर हिंदुराव नाव लावणार न्हाई."

तो गेला. घरी येऊन मी स्वयंपाकाला लागले. मेथी निवडायला घेतली आणि सवय म्हणा, संशय म्हणा, चार काड्या पानवाचकात घातल्या. फॉस्फरस कमीच होता, ते अपेक्षित होतं. पण तांबं चौपट दाखवत होतं. द्राक्षाच्या मातीत तांबं असणारच, वर्षानुवर्षं आपण मोरचूद मारतो. म्हणून बागांतलं तांबं पाहून मी मान हलवून पुढे गेले होते. मेथीला मोरचूद कोण मारतंय? मी जुडी पिशवीत बांधली, ढिगातले दाणे घेतले आणि पहिल्या एसटीने विद्यापीठ गाठलं.

तिथल्या इनामदार मॅडमकडे क्ष-किरणांचं मोठं यंत्र आहे. ते फक्त विचारलेलंच नव्हे, तर जे जे सापडेल ते सगळं सांगतं. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला.

"रत्नप्रभाबाई, ती मेथी कुणी खाल्ली नाही ना?"

"का हो?"

"त्यात आर्सेनिक आहे. तुमच्याकडे सोमल म्हणतात तो. दाण्यांत तर भरपूर."

मग त्यांनी सावकाश समजावलं. सोमल मातीत असतो त्या रूपात तो फॉस्फेटचा जुळा भाऊ दिसतो. तोच आकार, तीच ठेवण. मुळाच्या दाराला दोघांतला फरक कळत नाही. फॉस्फेटसाठी उघडलेल्या दारातून सोमल आत शिरतो आणि खऱ्या फॉस्फेटची वाट अडवून बसतो. त्यात आमच्या लेपाने दारं तिप्पट केलेली! शिवाय आमची ती निळी परीक्षाही फसली होती. तिचं द्रावण सोमलालाही फॉस्फेट समजून निळा रंग चढवतं. म्हणजे वाढलेला अर्धा टक्का फॉस्फरसचा नव्हताच. पानवाचकाच्या यादीत सोमल नव्हता, त्याला तो दिसणार कसा?

"भट्टीत जळत नाही का तो?" मी विचारलं.

"जंतू जळतात, औषधं मोडतात. धातू आणि सोमल कुठे जाणार? वास मारायला तुम्ही चुना घालता, तो त्याला धरून ठेवतो. बाकीचं जळून कमी होतं आणि हा मागे दाट होतो."

"माझ्या भावाने मिसळला असेल?" हे मी विचारलं. तेव्हाही विचारलं.

"कुणी मुद्दाम मिसळेल असं वाटत नाही. कारण सोबत तांबं आहे आणि क्रोमियमही आहे, तिन्ही ठरावीक प्रमाणात. ही कृती कोंबड्यांच्या औषधाची नाही, लाकडाच्या औषधाची आहे. पूर्वी सतत पाण्यात राहणाऱ्या लाकडाला हे मुरवायचे, म्हणजे कुजत नाही, वाळवी लागत नाही. भुसा कुठून आणता तुम्ही?"

मी म्हणाले, चौकशी करून कळवते.

चौकशी कसली करायची? फोन ठेवला तेव्हा मी माझ्याच घराच्या दारात बसले होते. सकाळी लावलेलं हळदकुंकू उंबऱ्यावर तसंच होतं. त्याखालचं लाकूड तासलेलं, गुळगुळीत, किंचित हिरवट झाक मारणारं.

मागच्या दिवाळीच्या आधी घर बांधलं तेव्हाची गोष्ट. बंद पडलेल्या एका साखर कारखान्याचा पाणी गार करायचा लाकडी मनोरा मोडीत निघाला होता. ज्ञानू मिस्त्रीने ते सगळं लाकूड घेतलं आणि मला दाखवायला बोलावलं. "ताई, तीस वर्सं पान्यात हुतं, एक भोक न्हाई. वाळवी शिवत न्हाई ह्याला." मी त्याची पुरती उलटतपासणी घेतली. चोरीचं नाही ना म्हणून पावती मागितली. टेप लावून जाडी मोजली. खिळा ठोकून पाहिला, वास घेतला, पाणी टाकून पाहिलं. सगळं विचारलं, फक्त एक सोडून. वाळवीसारखी वाळवी जे खात नाही, ते का खात नाही?

वर मी माझी हुशारी दाखवली. मिस्त्रीला म्हटलं, चौकटी आणि उंबरा मला दे. सगळं लाकूड कापशील तेव्हा जो भुसा पडेल तो वाया घालवू नकोस, माझ्या अण्णाच्या शेडला दे. तुझीही वखार मोकळी होईल. अण्णाला मीच फोन केला होता. तीन ट्रॉल्या भुसा शेडमध्ये गेला आणि खतात मिसळून भट्टीत. "तू बघितलायस न्हवं? मग झालं," एवढंच तो म्हणाला होता. त्याने मोजलं नाही, विचारलं नाही. काळा किडासुद्धा त्या भुशात जगत नव्हता आणि आम्ही दोघं त्याचं कौतुक करत होतो.

मी विळीने उंबऱ्याची कड खरवडली, छिलका कागदात बांधला आणि पुन्हा पहिली एसटी धरली. इनामदार मॅडमनी निकाल माझ्यासमोरच काढला. तिन्ही तेच, प्रमाणही तेच. अहवालाच्या अर्जात 'दूषित मालाचा उगम' असा रकाना असतो. एरवी तिथे काय लिहायचं ते मी दुसऱ्यांना सांगते. त्या दिवशी मी लिहिलं, 'खततपासनीस रत्नप्रभा निकम यांनी मिळवून दिलेला भुसा.'

बैठक पुन्हा बोलवायला लावली. अण्णा आला नाही, वैनी आली. मी अहवाल हातात घेऊन उभी राहिले.

"भट्टीत भेसळ झाली नाही. विष माझ्या हाताने आलं, मी धाडलेल्या भुशातून, आणि शेडमागच्या मेथीतही ते उतरलंय. हिंदुराव देवकरांचा यात दोष एकच, त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. त्यांचं नाव मी या खोलीत खराब केलं, म्हणून याच खोलीत साफ करते. तपासनीस आता दुसरा नेमा."

चेअरमननी चष्मा पुसला. वैनी उठून माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "वन्सं, म्या चार महिनं ती मेथी खाल्ली. आता वं?" मी तिचा हात धरला. दुसऱ्याच दिवशी तिला तपासणीला नेलं. अंश सापडला, पण सीमेच्या आत. डॉक्टर म्हणाले, आता बंद झालं ना, मग उतरेल. त्या निकालापर्यंतचे तीन दिवस मी कसे काढले ते माझं मलाच ठाऊक. चार बागांच्या मालकांनी तर मला दारातही उभं केलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

ढीग उचलून विषारी कचऱ्याच्या जागी गेला. शेडमधला भुसाही गेला. मेथीच्या वाफ्यात आणि त्या चार बागांत सावलीची जाळी बांधून नेचे लावायचं ठरलं. एका जातीचा नेचा सोमल ओढून स्वतःत साठवतो. कापून न्यायचा, पुन्हा वाढू द्यायचा, असं कितीतरी वर्षं. त्या वर्षी गावाच्या वाट्याला डीएपीची एकरी एकच पिशवी आली. मांडव निम्मे रिकामे राहणार हे सगळ्यांना दिसत होतं.

भट्टीचं सील निघालं. अण्णाने ती पेटवली नाही. ओढ्यापलीकडून धूर दिसत नव्हता आणि मला घास जात नव्हता. दोनदा त्याच्या शेडपर्यंत गेले, दोन्ही वेळा तो मागच्या बाजूने निघून गेला.

मग मी ज्ञानू मिस्त्रीला बोलावलं. बिचारा रडवेला झाला होता, त्यालाही कुठे ठाऊक होतं? मी म्हटलं, उंबरा काढ, चौकटी काढ, दारासकट. करवत लावायची नाही, पहारीने उचकट. आख्खं लाकूड प्लास्टिकमध्ये गुंडाळून त्याच विषारी कचऱ्याच्या गाडीत घातलं. गल्लीतल्या बायका बघत होत्या. वर्ष न झालेल्या घराचा उंबरा काढतात का कुणी, अपशकुन की! असू दे. दाराच्या जागी भिंतीत एक मोठं भगदाड आणि जमिनीवर वीतभर खोल चर उरला. मी त्यावर जुनी चादर लावून दिवस काढू लागले.

पाचव्या दिवशी सकाळी चादरीमागे खाकरणं ऐकू आलं. चादर सारली तर अण्णा. डोक्याला टॉवेल, पायात शेडमधले गमबूट. तो आत बघत नव्हता, खाली त्या चराकडे बघत होता.

"उंबरा कुठं गेला?"

"काढला."

"नवा कदी बसिवणार?"

"नाही बसवणार एवढ्यात."

त्याने थोडा विचार केला. मग चर ओलांडून आत आला आणि भिंतीला टेकून बसला. "उंबराच न्हाई म्हटल्यावर शपत कसली मोडतीय," तो म्हणाला. हसला नाही.

मला रडू आलं, ते मी पदरात घेतलं आणि चहा ठेवला. आधण उकळलं, चहा गाळला. कप त्याच्यासमोर ठेवला. त्याने तो उचलला, ओठापर्यंत नेला आणि तिथेच थांबवला.

"पानी कुटल्या हिरीचं हाय?"

पन्नास वर्षांत माझ्या भावाने कुणालाही असा प्रश्न विचारला नव्हता. लोकांच्या मनात संशय पेरण्यात माझं आयुष्य गेलं, पण या एका माणसात तो कधी रुजला नव्हता. तो रुजवलाही शेवटी मीच.

"वरच्या. तपासलेलं आहे."

"कुणी तपासलं?"

"मी," मी म्हणाले.

अण्णाने कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. जरा वेळ लागला. मग त्याने फुंकर मारली आणि पहिला घोट घेतला.